पीपलसॉफ्ट आणि ओरॅकल : अठरा महिन्यांचा वेढा

६ जून २००३ रोजी ओरॅकलने पीपलसॉफ्ट ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेण्याचा देकार जाहीर केला. समभागाला १६ डॉलर रोख, एकूण ५.१ अब्ज डॉलर. पीपलसॉफ्टने कंपनी विकायला काढलेलीच नव्हती. शिवाय देऊ केलेला भाव बाजारभावाहून जेमतेम सहा टक्के अधिक होता. विकत घेण्यापेक्षा खिजवण्याचाच हेतू असावा, अशी शंका तेव्हा अनेकांना आली आणि ती अगदीच निराधार नव्हती.

कारण मुहूर्त. चारच दिवसांपूर्वी पीपलसॉफ्टने डेन्व्हरची जे. डी. एडवर्ड्स ही कंपनी सुमारे १.७ अब्ज डॉलरांना घेण्याचा करार केला होता. त्या करारानंतर ती ओरॅकलला मागे टाकून, जर्मनीच्या एसएपीखालोखाल, उद्योगांसाठीच्या सॉफ्टवेअरमधील दुसऱ्या क्रमांकाची कंपनी होणार होती.

डेव्हिड डफील्ड आणि केन मॉरिस यांनी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या पीपलसॉफ्टचे उत्पादन साधे वाटावे असे : कर्मचाऱ्यांची नोंद, पगार, रजा. पण पंधरा-वीस हजारांचा पगार एका चुकीशिवाय महिनाअखेरीस काढणे किती अवघड असते, हे लेखा विभागात बसलेल्यालाच कळते. प्लेझंटन या छोट्या शहरातल्या मुख्यालयात संस्थापकाला सगळे नावाने हाक मारत. त्याच्या नावाची आद्याक्षरे ‘डीएडी’, म्हणजे इंग्रजीत ‘बाबा’ अशी होती आणि कर्मचाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नसे.

२००३ मध्ये मात्र सूत्रे क्रेग कॉनवे यांच्याकडे होती. ते पूर्वी ओरॅकलमध्येच अधिकारी होते, त्यामुळे भांडणाला भाऊबंदकीची धार आली. ओरॅकलचे प्रमुख लॅरी एलिसन यांनी सांगून टाकले होते की, पीपलसॉफ्टची उत्पादने नव्या ग्राहकांना आपण विकणार नाही, जुन्यांना सेवा मात्र देऊ. तुमचा कुत्रा विकत घेऊन परसात नेऊन गोळी घालण्याचाच हा प्रकार, असे कॉनवे म्हणाले. कॉनवे आणि त्यांचा कुत्रा शेजारी उभे असतील आणि आपल्याजवळ एकच गोळी असेल, तर ती कुत्र्यासाठी नसेल, असे उत्तर एलिसन यांनी दिले.

उत्पादन विकायचे नाही, तर कंपनी घ्यायची कशासाठी? या कहाणीचा खरा गाभा इथे आहे. अशा सॉफ्टवेअरचा परवाना एकदाच विकला जातो, पण त्याच्या किमतीचा साधारण पाचवा हिस्सा देखभाल शुल्क म्हणून ग्राहक दरवर्षी भरत राहतो. पगाराची यंत्रणा बदलायची म्हणजे दोन-तीन वर्षांचा खटाटोप, प्रचंड खर्च आणि चुकीची धास्ती. म्हणून ग्राहक सहसा हलत नाही. थोडक्यात, ओरॅकलला हवा होता तो ग्राहकांचा वर्षासन देणारा मळा.

पीपलसॉफ्टनेही ग्राहकांनाच ढाल केले. कंपनी दुसऱ्याने घेतली आणि उत्पादनाची सेवा खालावली, तर परवाना शुल्काच्या दोन ते पाच पट परतावा मिळेल, अशी हमी तिने नव्या खरेदीदारांना दिली. विक्री सावरली, आणि ओरॅकलच्या माथी येऊ शकणारे दायित्व अब्जावधी डॉलरांच्या घरात गेले. हुशारीची चाल खरी, पण आपल्या घराला आपणच सुरुंग लावून ठेवण्याची.

दरम्यान देकार १९.५० डॉलरवर, मग फेब्रुवारी २००४ मध्ये २६ वर गेला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने ओरॅकलवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. मोठ्या संस्थांना पुरे पडेल असे सॉफ्टवेअर ओरॅकल, पीपलसॉफ्ट आणि एसएपी या तिघांकडेच आहे आणि तिघांचे दोन झाले तर भाव चढतील, हे खात्याचे म्हणणे. मोठमोठ्या ग्राहक कंपन्यांनी साक्षी दिल्या. सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश वॉन वॉकर यांनी त्या फारशा मानल्या नाहीत. ग्राहकाची पसंती म्हणजे बाजाराची सीमा नव्हे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख. ९ सप्टेंबर २००४ रोजी निकाल ओरॅकलच्या बाजूने लागला. याच खटल्याच्या निमित्ताने मायक्रोसॉफ्ट आणि एसएपी यांच्यातही विलीनीकरणाची बोलणी होऊन गेल्याचे जगाला कळले!

मग पडझड वेगाने झाली. १ ऑक्टोबरला संचालक मंडळाने विश्वास उडाल्याचे सांगत कॉनवे यांना काढले आणि डफील्ड यांना परत बोलावले. मधल्या काळात २१ पर्यंत उतरवलेला भाव ओरॅकलने २४ वर आणला आणि तो अखेरचा असल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये सुमारे ६१ टक्के समभाग ओरॅकलला देऊ करण्यात आले. मालकांनीच कौल दिल्यावर मंडळाकडे घासाघीस तेवढी उरली. १३ डिसेंबरला २६.५० डॉलरवर, एकूण सुमारे १०.३ अब्ज डॉलरांना सौदा तुटला. ‘अखेरचा’ भावही अखेरचा ठरला नाही.

जानेवारी २००५ मध्ये ओरॅकलने सुमारे ५,००० जणांना कमी करण्याची घोषणा केली. डफील्ड यांनी स्वतःच्या पैशांतून, काम गेलेल्यांच्या मदतीसाठी एक कोटी डॉलरांचा निधी उभारला.

ओरॅकलला मात्र वाट सापडली होती. त्याच वर्षी तिने सीबेलसाठी ५.८५ अब्ज डॉलरांचा करार केला, आणि मुंबईत सिटीकॉर्पच्या छत्राखाली वाढलेल्या आय-फ्लेक्समधील सिटीग्रुपचा सुमारे ४१ टक्के हिस्सा घेतला. बँकांना ‘फ्लेक्सक्यूब’ पुरवणारी ती कंपनी २००८ पासून ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर या नावाने ओळखली जाते. पीपलसॉफ्टला गोळी घातली गेली नाही, हेही नोंदवायला हवे. अनेक विद्यापीठे आणि सरकारी कार्यालये आजही त्यावर चालतात आणि देखभाल शुल्क भरतात.

डफील्ड यांनी २००५ मध्येच, पीपलसॉफ्टमधले जुने सहकारी अनील भुसरी यांच्यासह वर्कडे ही कंपनी काढली. विषय तोच : कर्मचारी, पगार, रजा. फक्त आता परवान्याऐवजी वर्गणी आणि इंटरनेटवरून सेवा. २०१२ मध्ये वर्कडेचे समभाग बाजारात आले ते दोन प्रकारांत. सर्वसामान्य गुंतवणूकदाराच्या समभागाला एक मत आणि संस्थापकांकडील समभागाला दहा.