जिंकलेला संप आणि न मिळालेली यादी

वैमानिक म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो कडक इस्त्रीचा गणवेश आणि घसघशीत पगार. संप, फलक, घोषणा हे शब्द त्याच्याशी जुळत नाहीत. माझाही समज असाच होता. अमेरिकेतल्या कॉमएअर कंपनीचा इतिहास वाचला आणि तो पार बदलला.

कॉमएअर 1977 मध्ये सिनसिनाटी इथं सुरू झाली. लहान शहरांतले प्रवासी मोठ्या विमानतळांपर्यंत पोचवायचे, हे तिचं काम. तालुक्याची एसटी जिल्ह्याच्या स्थानकाला माणसं आणून सोडते ना, तसंच. तिकीट डेल्टाचं, विमानावर नावही डेल्टाचं. पण वैमानिक कॉमएअरचा, आणि त्याचा पगार डेल्टाच्या वैमानिकापेक्षा खूपच कमी. पुढे डेल्टानं ही कंपनीच विकत घेतली. तफावत मात्र तशीच राहिली.

1990 च्या दशकात पन्नास आसनी जेट विमानं आली आणि वैमानिक विचारू लागले, जेट आम्हीही चालवतो, जबाबदारीही तीच, मग पगार असा का? 26 मार्च 2001 रोजी सुमारे 1,350 वैमानिक संपावर गेले. पगार, निवृत्तीची तरतूद आणि नोकरीची शाश्वती या त्यांच्या मागण्या. कंपनीची सगळी उड्डाणं थांबली. 89 दिवसांनी पगारवाढीचा करार झाला आणि संप मिटला.

पण खरी मेख वेगळीच होती. दोन्ही कंपन्यांच्या वैमानिकांची संघटना एकच, 1931 मध्ये स्थापन झालेली एअर लाइन पायलट्स असोसिएशन. लहान जेट वाढली तर आपलं काम जाईल, या भीतीनं मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांनी आपल्या करारांत अशा विमानांवर मर्यादा घालून घेतल्या होत्या. एकाची शाश्वती ती दुसऱ्याची कोंडी! दोन्ही कंपन्यांची ज्येष्ठता यादी एक करावी, ही कॉमएअरच्या वैमानिकांची विनंतीही मान्य झाली नाही. 2001 मध्ये काही प्रादेशिक वैमानिकांनी चक्क आपल्याच संघटनेवर खटला भरला.

ही यादी एवढी महत्त्वाची का? कोणतं विमान, कोणता मार्ग, कप्तानपद कधी, हे सारं त्या क्रमांकावर ठरतं. आणि कंपनी सोडली की क्रमांक शून्यावर येतो. वीस वर्षांचा कप्तान दुसरीकडे पुन्हा सर्वांत खालच्या पायरीवर उभा राहतो.

2005 मध्ये डेल्टा आणि कॉमएअर दोघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला. वैमानिकांना पगारकपात स्वीकारावी लागली. पन्नास आसनी विमानं महागड्या इंधनात परवडेनाशी झाली, आणि काम स्वस्तात करणाऱ्या इतर कंपन्या होत्याच. 29 सप्टेंबर 2012 रोजी कॉमएअर बंद झाली.

मग संप चुकला का? काहींचं मत तसं आहे. मला ते पटत नाही. पगाराची मागणी रास्तच होती. पण पगार कराराच्या कागदावर लिहून घेता येतो. काम कुणाला द्यायचं हे तिकीट विकणाराच ठरवतो. ती दोरी हाती यायची, तर दोन्ही कंपन्यांचे वैमानिक एका यादीत यायला हवे होते. मालकाशी लढून त्यांनी पगार मिळवला. आपल्याच भाऊबंदांकडून यादी मात्र मिळवता आली नाही.