सदसद्‌विवेकबुद्धी, ख्रिस्ती विचारातील

आपले कृत्य नैतिक दृष्ट्या योग्य आहे की अयोग्य, याविषयी माणसाच्या अंतःकरणात होणारा निर्णय म्हणजे सदसद्‌विवेकबुद्धी. हा निर्णय चुकू शकतो काय, आणि चुकला तरी तो मानावा काय, हे प्रश्न ख्रिस्ती नीतिविचारात प्रारंभापासून महत्त्वाचे ठरले. प्रमादशील सदसद्‌विवेकबुद्धीही व्यक्तीला बंधनकारक असते, हे तत्त्व मध्ययुगातच मान्य झाले. परंतु तिच्यावर सक्ती करू नये, हे मान्य होण्यास आणखी सुमारे सातशे वर्षे लागली.

बायबलच्या जुन्या करारात या कल्पनेसाठी स्वतंत्र संज्ञा रूढ नाही; तेथे ‘हृदय’ हाच शब्द येतो. शौल राजाच्या झग्याचा काठ कापल्यावर दावीदाचे मन त्याला टोचू लागले, असा प्रसंग शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. नव्या करारात सेंट पॉलने ‘सहज्ञान’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द योजला. नियमशास्त्र न मिळालेल्या परराष्ट्रीयांच्या अंतःकरणातही नियम लिहिलेला असतो, असे रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो. मूर्तीला वाहिलेले अन्न खाण्यात वस्तुतः दोष नसला, तरी ज्याला तो दोष वाटतो त्याच्या दुर्बल सदसद्‌विवेकबुद्धीला धक्का देऊ नये, असे त्याने करिंथकरांस बजावले.

बाराव्या शतकात पीटर ॲबेलार्डने (१०७९–११४२) पापाचे मूळ कृतीत नसून मनाच्या संमतीत असते, असे मत मांडले. सेंट टॉमस अक्वाय्‌नसने (सु. १२२५–७४) सत्प्रवृत्तीची मूलतत्त्वे जाणणारी स्थायी शक्ती आणि ती तत्त्वे विशिष्ट प्रसंगी लागू करणारी विवेकबुद्धी यांत भेद केला. पहिली चुकत नाही, दुसरी चुकू शकते. तरीही तिच्याविरुद्ध वागणे पापच होय. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणे एखाद्याच्या बुद्धीला वाईट वाटत असेल, तर तसे वाटत असताना ती ठेवणेही सदोष ठरेल, असे उदाहरण त्याने दिले. मात्र निष्काळजीपणातून आलेला प्रमाद दोषमुक्त करीत नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली.

याच अक्वाय्‌नसने अख्रिस्ती लोकांवर श्रद्धेची सक्ती करू नये, परंतु बाप्तिस्मा घेऊन श्रद्धा सोडणाऱ्या पाखंड्यांवर ती करता येते, त्यांना देहदंडही देता येतो, असे प्रतिपादन केले. श्रद्धा हे दिलेले वचन असून ते पाळलेच पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. इन्क्विझिशन या धर्मन्यायपीठाचा अधिकारही मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चाले. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या पीठाने बाप्तिस्म्यानंतर पूर्वीचे ज्यू वा हिंदू आचार पाळल्याच्या आरोपावरून अनेकांवर खटले चालविले. ते १८१२ मध्ये कायमचे बंद झाले.

मार्टिन ल्यूथरने १५२१ मध्ये व्होर्म्झच्या सभेत आपली सदसद्‌विवेकबुद्धी ईश्वराच्या वचनाशी बांधलेली असल्याचे सांगून मते मागे घेण्यास नकार दिला. तथापि प्रॉटेस्टंट सत्तांनीही विरोधी मतांना अभय दिले नाही. त्रैक्यवाद नाकारणाऱ्या मायकेल सर्व्हीटसला १५५३ मध्ये जिनीव्हात जाळण्यात आले. त्यानंतर सेबास्टिअन कॅस्टेल्योने (१५१५–६३) पाखंड्यांच्या छळाविरुद्ध लेखन केले. पुढे प्येअर बेलने (१६४७–१७०६) प्रामाणिकपणे चुकणाऱ्या सदसद्‌विवेकबुद्धीलाही हक्क असतात, असा युक्तिवाद केला. अक्वाय्‌नसचे तत्त्व येथे व्यक्तीच्या कर्तव्यापुरते न राहता सत्तेवरील मर्यादा बनले.

कॅथलिक चर्चने ही मर्यादा उशिरा स्वीकारली. सोळाव्या ग्रेगरी या पोपने १८३२ मध्ये सदसद्‌विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याच्या कल्पनेचा निषेध केला होता. विसाव्या शतकातील सर्वंकष राजवटींच्या अनुभवाने या प्रश्नाला नवे गांभीर्य आले. फ्रांट्‌स येगरश्टेटर (१९०७–४३) या ऑस्ट्रियन शेतकऱ्याने हिटलरच्या युद्धात लढण्यास नकार दिला. त्याच्या बिशपनेही त्याला या निर्णयापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. परंतु तो ढळला नाही आणि त्याला देहदंड झाला. २००७ मध्ये चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याची घोषणा संमत केली. न्याय्य सार्वजनिक सुव्यवस्थेच्या मर्यादेत कोणालाही सदसद्‌विवेकबुद्धीविरुद्ध वागण्यास भाग पाडू नये, असे तीत म्हटले आहे. अनिवार्य अज्ञानामुळे चुकलेली सदसद्‌विवेकबुद्धी आपली प्रतिष्ठा गमावीत नाही, असेही परिषदेने त्याच दिवशीच्या दुसऱ्या दस्तऐवजात मान्य केले. सत्याचा शोध न घेणाऱ्याला मात्र हा आधार मिळत नाही. सदसद्‌विवेकबुद्धीला अनुसरण्याइतकेच तिला सुसंस्कारित करणे हेही कर्तव्य मानले जाते.