तराजूस न कळलेला भेद

शास्त्राच्या इतिहासांत विजयाचे पोवाडे पुष्कळ गाइले जातात. परंतु सूक्ष्म साम्यानें विद्वानांस किती काळ चकविलें, ही हकीकत आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. ल्यूसीन व आयसोल्यूसीन यांची कथा अशीच आहे.

प्रथिनें म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. आंखूड माळेस पेप्टाइड म्हणतात. १८२० सालीं ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञानें स्नायूंपासून मिळालेल्या एका शुभ्र पदार्थास ल्यूसीन हें नांव दिलें. त्याचा जुळा भाऊ मात्र ऐंशींहून अधिक वर्षें अज्ञातवासांत राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं फेलिक्स एर्लिख यास तो बीटच्या मळींत सांपडला. दोघांच्याहि घटनेंत कर्बाचे ६, उद्‌जनाचे १३, नत्राचा १ व प्राणवायूचे २ अणु. भेद इतकाच कीं, बाजूच्या शाखेस फांटा निरनिराळ्या ठिकाणीं फुटलेला.

पुढें १९१९ सालीं केंब्रिज येथें आस्टन यानें अणूंचें वजन करणारें यंत्र सिद्ध केलें. त्याचाच वंशज मास स्पेक्ट्रोमीटर. अमेरिकेंत क्लाउस बीमान यानें तो पेप्टाइडांच्या वाचनास लाविला. रीति सोपी आहे: माळ ठिकठिकाणीं तोडावयाची, तुकडे तोलावयाचे आणि वजनांतील फरकांवरून मणी ओळखावयाचा. उद्‌जनाचा अणु सुमारें १ धरिला, तर माळेंतील ग्लुटामीन १२८.०५९ व लायसीन १२८.०९५ भरतें. हा फरक सूक्ष्म खरा. पण तीक्ष्ण यंत्रास तो दिसतो. शिवाय असेटिल गट जोडल्यास लायसीनची शाखा ४२ नें जड होते, ग्लुटामीनची होत नाहीं. परंतु ल्यूसीन व आयसोल्यूसीन दोन्ही ११३.०८४! येथें तराजू कितीहि नाजूक असला तरी व्यर्थ.

हा पेंच १९८७ सालीं बीमान व त्याचे सहकारी यांनीं सोडविला. पेप्टाइडाचे आयन वायूच्या अणूंवर अतिवेगानें आदळविले, म्हणजे माळेबरोबर मण्याची शाखाहि मोडते. तेव्हां ल्यूसीन ४३ वजनाचा तुकडा टाकतें, आयसोल्यूसीन २९ चा. जें अखंड असतां कळलें नाहीं, तें भंगल्यावर कळलें.

हा केवळ पंडिती वाद नव्हे. रोगाशीं झुंजणाऱ्या प्रतिपिंडाच्या टोंकाशीं एक मणी चुकीचा वाचून तशीच प्रत बनविली, तर तिची पकड ढिली पडूं शकते. आजहि पुष्कळ यंत्रांचा आघात सौम्य असल्यानें शाखा मोडत नाहीं. जनुक ठाऊक असेल तर वाचक तेथून उत्तर उसनें घेतो. नसेल तेव्हां दोहोंकरितां मिळून ‘जे’ हें एकच अक्षर लिहितो. या अक्षराचा अर्थ ‘निर्णय झाला नाहीं’ एवढाच. आमच्या मतें त्या संपूर्ण वर्णमालेंत याहून प्रामाणिक अक्षर दुसरें नाहीं. इतिहास लिहिणाऱ्या आम्हां लोकांजवळ असें एखादें अक्षर असतें, तर आमच्या ग्रंथांतील किती निश्चित विधानें तेथें जाऊन बसलीं असतीं!