हत्तीखान्याचा काळा कातळ

अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यांतील दगडी हत्तींचें कौतुक सारेच करतात. ते ज्या कातळाचे, त्याचा इतिहास कोणी विचारीत नाहीं. व्हेसूव्हियसनें इ. स. ७९ मध्यें पाँपेई गाडलें, हें मात्र शाळकरी मुलासही ठाऊक! वस्तुतः हा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हारसच. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनची भूमि दुभंगली आणि लांबच लांब भेगांतून त्याचे थर एकावर एक पसरले. एखादें शिखर असतें तर नांव तरी राहिलें असतें. अशाच एका भेगेचा प्रताप १७८३ मध्यें आइसलंडांतील लाकी येथें दिसला. विषारी वायूंनीं कुरणें नासलीं, बहुतेक मेंढ्या मेल्या, आणि पाठोपाठच्या दुष्काळांत देशाची सुमारें पंचमांश प्रजा दगावली. दख्खनच्या मानानें तो उद्रेक क्षुल्लकच. डायनोसॉरांच्या नाशांत दख्खनच्या अग्नीचा वाटा किती, हा शास्त्रज्ञांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.