बोलणाऱ्या तारेतील वीज

अमरावती-अकोल्याकडे वळवाच्या पावसात दिवे गेले, तरी जुना दूरध्वनी चालूच राही. आरंभीच्या यंत्रांसाठी घट घरीच ठेवावे लागत; पुढे मध्यवर्ती केंद्रातील घटांचा सुमारे ४८ व्होल्टांचा दाब बोलण्याच्याच दोन तारांतून येऊ लागला. काचतंतू घरी आला आणि ही सोय गेली. त्यातून प्रकाशरूपाने संदेश येतो, यंत्रास वीज येत नाही. निराळा घट नसेल तर दिव्यांबरोबर घरची पेटीही मुकी होते. ‘इथरनेट’ या संगणकजाळ्याच्या तांब्याच्या तारांना मात्र २००३ साली तीच युक्ती प्रमाण ठरवून लाभली. दाब जवळपास तोच, उगमाशी १५.४ वॅट, १०० मीटरांवरील यंत्रास १२.९५, उरलेली शक्ती वाटेत उष्णता होऊन जाते. शिवाय पलीकडील यंत्राची ओळख पटल्याखेरीज वीज सुटतच नाही. जुन्या केंद्राला असली शंका कधी शिवली नव्हती.