धोक्यांची उतरंड

१२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे मालवाहू जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये होती आणि त्यांच्या जोडीला कराचीत चढविलेल्या कापसाच्या ८,७०० गासड्या. स्फोटकांची वर्गवारी सरकारी कागदांत झालेली होती. कोणता माल अधिक धोक्याचा, हेही ठरलेले होते. परंतु खरा प्रश्न कापूस स्फोटकांच्या शेजारी आला म्हणजे काय होते, हा होता. दोनच दिवसांनी, १४ एप्रिलच्या दुपारी, कापूस पेटला. चारच्या सुमारास पहिला आणि त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे प्राणांस मुकली.

धोक्याची वर्गवारी ही मराठी घरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखी असते. खालचे मडके कोणते आणि वरचे कोणते, हे आधी ठरवावे लागते. मधलेच एखादे चुकले तर सगळी रास कोसळते. आपल्या देशात ही रास रचण्याचे काम अनेक टोकांनी, निरनिराळ्या काळी सुरू झाले. आगीचे आणि स्फोटाचे धोके पदार्थावरून ओळखण्याची रीत जुनी आहे. स्फोटकांचा कायदा १८८४ चा आहे. पेट्रोलियमचे वर्ग आज ज्वलनबिंदूवरून पाडले जातात. २३ अंश सेल्सियसच्या खाली ज्याची वाफ पेट घेऊ शकते, ते ‘अ’ वर्गात पडते. विषाच्या बाबतीत मात्र वाट उलटी होती. १९४८ च्या कारखाने कायद्याने शिसेबाधा, सिलिकोसिस, अँथ्रॅक्स अशा रोगांची यादी दिली आणि ते आढळले तर कळवावयास सांगितले. म्हणजे धोका ओळखावयाचा तो माणूस आजारी पडल्यानंतर!

ही उणीव भरून काढण्यास लखनौने जे केले, ते विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नबाबी प्रासादात १९५१ साली केंद्रीय औषधी संशोधन संस्था सुरू झाली. तेथे संशोधन करणारे डॉ. सिब्ते हसन झैदी धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसांच्या विकारांचा अभ्यास करीत होते. १९६५ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लखनौतच औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र स्थापन केले आणि झैदी त्याचे संस्थापक-संचालक झाले.

धुळीचा विषय वर्गवारी करणाऱ्याची खरी परीक्षा घेतो. गारगोटीचा दगड हातात घेतला तर निरुपद्रवी असतो. तोच फोडला, घासला किंवा कोरडा छिद्रला, म्हणजे त्याची इतकी बारीक धूळ होते की ती डोळ्यांना दिसत नाही. काही मायक्रॉनांचे ते कण फुफ्फुसाच्या अगदी तळाशी जाऊन बसतात आणि व्याधी बहुधा काही वर्षांनी प्रकट होते. दगडावर पाणी सोडून काम केले तर धोका पुष्कळच उतरतो. तेव्हा पदार्थाचे नाव लिहून भागत नाही. त्याचे रूप, त्यावर होणारी क्रिया आणि माणसाचा त्याच्याशी येणारा सहवास, हेही लिहावे लागते. लखनौच्या संशोधकांनी मुरादाबादच्या पितळकाम करणाऱ्या आणि फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या करणाऱ्या कामगारांची पाहणी केली, ती याच जातीची होती.

१९८४ च्या २ डिसेंबरची रात्र उलटत असताना भोपाळ येथे मिथिल आयसोसायनेट सुटले. ज्या टाकीतून ते सुटले तिच्यात या विषाचा साठा सुमारे ४० टन होता. युरोपीय समुदायाने १९८७ मध्ये आपल्या नियमांत याच द्रव्याची मर्यादा एक टनावरून १५० किलोग्रॅमवर आणली. दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे वेगळ्या भाष्याची गरज राहत नाही. लखनौच्या केंद्रातील वैद्यकांनी पुढे भोपाळच्या रहिवाशांची तपासणी केली. १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले आणि २९ प्रकारच्या उद्योगांची सूची जोडली गेली. १९८९ च्या नियमांनी घातक रसायने त्यांच्या गुणधर्मांवरून आणि साठ्याच्या प्रमाणावरून तोलली. रोग, मग उद्योग, मग पदार्थ, असा हा उलटा प्रवास आहे.

आज मोठ्या इमारतींचा कारभार संगणकप्रणालीवर चालतो आणि तेथेही हीच उतरंड मांडावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या पद्धतीत भौतिक, आरोग्याचे आणि पर्यावरणाचे असे तीन गट आहेत. गटात वर्ग आणि वर्गात श्रेणी. इमारत, मजला, खोली ही दुसरी उतरंड. या दोन्ही वेगळ्या ठेवावयाच्या असतात. परंतु मांडणी करणारा घाईत ‘रसायन-कोठार’ हाच धोक्याचा एक वर्ग करून टाकतो, आणि उद्या तो डबा तळघरात हलविला की धोका नोंदीत जुन्याच खोलीत राहतो. दुसरी गफलत आकड्यांची. संयुक्त राष्ट्रांच्या श्रेणीत १ हा अंक सर्वांत घातक, तर अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या चौकटचिन्हावर ४ हा सर्वांत घातक. दोन्ही अंक एकाच रकान्यात भरले गेले, तर यंत्र बिनतक्रार बेरीज करील आणि सौम्य द्रव्याला वरच्या पायरीवर बसवील! ‘इतर’ नावाचा रकाना तर आळसाचे आश्रयस्थान आहे. कापसाच्या गासड्या अशाच रकान्यात जातात.

लखनौच्या त्या केंद्राचे नाव २००८ पासून भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था असे झाले आहे. फिरोजाबादेत मात्र बांगड्यांची टोके ज्योतीवर धरून जोडण्याचे काम अनेक घरांतून चालते. त्या घरांना कारखान्याचा परवाना नाही, मजल्यांचा नकाशा नाही आणि खोलीला क्रमांकही नाही. कोणत्याही प्रणालीच्या उतरंडीत त्यांची नोंद कोठे करावयाची, हा प्रश्न उभाच आहे.