प्लॅटिनमच्या सावलीतून: ऊन, पाणी आणि हायड्रोजन

१/ सूर्यप्रकाशापासून इंधन मिळवण्याचे स्वप्न शंभर वर्षांहून जुने आहे. ऊन फुकट, पाणी विपुल. तरीही गाडी वारंवार अडली ती चिमूटभर मौल्यवान धातूपाशी. त्या धातूवरील अवलंबित्व कमी करण्याच्या प्रयत्नांचा हा इतिहास. #थ्रेड #विज्ञानाचा_इतिहास

२/ प्लॅटिनम आणि हायड्रोजन यांचे नाते जुने. १८२३ मध्ये जर्मनीतील जेना येथे योहान डोबरायनर यांना आढळले की, सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला की तो हवेत आपोआप पेट घेतो. त्यातून त्यांनी दिवा बनवला. प्लॅटिनम स्वतः खर्च होत नव्हते, केवळ अभिक्रिया घडवून आणत होते.

३/ १९१२ मध्ये बोलोन्याचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी न्यूयॉर्कमधील व्याख्यानात एक दूरदर्शी प्रश्न मांडला. कोळसा म्हणजे साठवलेले प्राचीन ऊन. तो संपण्याची वाट पाहण्यापेक्षा आजचेच ऊन का वापरू नये? मार्ग मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता.

४/ तो मार्ग टोकियोत दिसला. संशोधक विद्यार्थी अकिरा फुजिशिमा आणि त्यांचे मार्गदर्शक केनिची होंडा यांनी पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक ठेवून त्यावर प्रकाश टाकला. स्फटिकावर ऑक्सिजन आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजन तयार झाला. १९७२ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये आले. पुढच्याच वर्षी तेलसंकट उद्भवले आणि जगाचे लक्ष तिकडे वळले.

५/ प्लॅटिनम कशासाठी? प्रकाश पडताच अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो व मागे रिकामी जागा उरते. दोघे पुन्हा एकत्र आले की ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. प्लॅटिनमचा कण इलेक्ट्रॉन झटपट ओढून घेतो आणि हायड्रोजनच्या अणूंना एकत्र येण्यास जागा देतो. अणू फार घट्ट धरला तर सुटत नाही, फार सैल धरला तर टिकत नाही. प्लॅटिनमची पकड नेमकी मधली.

६/ अडचण उपलब्धतेची होती. खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. सर्वांच्या वाट्याला येणाऱ्या उन्हाचे इंधन इतक्या मोजक्या खाणींवर विसंबले, तर ते स्वस्त आणि सार्वत्रिक कसे होणार?

७/ पर्यायाची पहिली चाहूल लवकरच लागली. १९८० मध्ये काझुनारी डोमेन व सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर निकेल ऑक्साइड बसवून पाण्याच्या वाफेचे विघटन केले. मौल्यवान धातूविना हे घडू शकते, हे सिद्ध झाले. मात्र त्यासाठी अतिनील किरण लागत, आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम ४-५ टक्के.

८/ दुसरा धागा सजीवांनी दिला. सूक्ष्मजीव प्लॅटिनमशिवाय, लोह व निकेल असलेल्या विकरांनी हायड्रोजन बनवतात. २००५ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी गणिताने दाखवले की, वंगणात वापरल्या जाणाऱ्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या कडांची रचना अशा विकरांशी मिळतीजुळती आहे. २००७ मध्ये प्रयोगाने पुष्टी दिली: काम कडा करतात, सपाट पृष्ठभाग नव्हे.

९/ २००८ मध्ये चीनमधील दालियान येथे कॅडमियम सल्फाइडवर केवळ ०.२ टक्के मॉलिब्डेनम डायसल्फाइड बसवले, तेव्हा हायड्रोजननिर्मितीत त्याने प्लॅटिनमलाही मागे टाकले. २०१३ मध्ये बंगळुरूत सी. एन. आर. राव यांच्या गटाने याच पदार्थाचे एकपदरी, धातुसदृश रूप परिणामकारक ठरवले. मात्र अशा प्रयोगांत पाण्याऐवजी दुसरे एखादे रसायन खर्ची पडते. ऑक्सिजन बनवण्याचा अवघड अर्धा भाग बाकीच राहतो.

१०/ इतिहासाची गंमत पाहा. २००९ मध्ये कार्बन नायट्राइड हा ‘धातुविरहित’ प्रकाश-उत्प्रेरक गाजला. तो दृश्य प्रकाशात चालतो, स्वस्त आहे; परंतु चांगला वेग मिळवण्यासाठी त्यावरही प्लॅटिनमचे कण बसवावे लागले!

११/ २०२० मध्ये डोमेन यांचा गट पुन्हा स्ट्रॉन्शियम टायटॅनेटकडे वळला. स्फटिकाच्या एका प्रकारच्या बाजूंवर रोडियम-क्रोमियम, दुसऱ्यांवर कोबाल्ट अशी योजना केली. अतिनील प्रकाशातील कार्यक्षमता ९६ टक्क्यांपर्यंत पोहोचली. रोडियम प्लॅटिनमहूनही दुर्मीळ. पण लागला तो अत्यल्प, कारण प्रत्येक कण योग्य जागी होता.

१२/ २०२१ मध्ये याच तंत्राचे १०० चौरस मीटरचे पॅनेल उघड्या उन्हात चालले. सौरऊर्जेचे हायड्रोजनमध्ये रूपांतर झाले कमाल ०.७६ टक्के. व्यवहार्यतेसाठी ५ ते १० टक्के हवेत, असे सामान्यतः मानले जाते.

१३/ अर्धशतकात प्रश्नाचे स्वरूप पालटले. ‘कोणता धातू?’ याऐवजी ‘किती अणू, आणि नेमके कुठे?’ असे विचारले जाऊ लागले. धातूची काटकसर बऱ्याच अंशी साधली आहे. दृश्य प्रकाशात, निव्वळ पाण्यापासून आणि वर्षानुवर्षे टिकेल असा उत्प्रेरक घडवणे हे काम शिल्लक आहे. चामिचान यांच्या प्रश्नाचे उत्तर अजून लिहिले जात आहे. (समाप्त)